ऑफ झाले

"पेशंट बायपॅप ऑफ झालेत, असं सांगितलं होतं मी," सिस्टर म्हणाली, आणि तक्रार समितीच्या डॉक्टरांनी शिपायाला पंखा कमी करायला सांगितलं, कारण टेबलावरचे कागद उडत होते. एवढंच झालं. पंखा कमी झाला. अश्विनीच्या उजव्या कानात मात्र काहीतरी सुटलं. विहिरीत पोहताना कानात गेलेलं पाणी दिवसभर आत दडून बसतं आणि संध्याकाळी कुशीला वळलं की एकदम गरम होऊन ओघळतं, तसं. तिने कानाला हात लावला. कान कोरडा होता. तिच्या डाव्या हाताला नवरा आदिनाथ, त्याच्या पलीकडे सासू छबूबाई, समोर हॉस्पिटलचा टाय घातलेला माणूस, आणि त्याच्या शेजारी ही सिस्टर, ज्योती, जी आता त्या हॉस्पिटलात नव्हतीच. लग्न होऊन श्रीगोंद्याला गेली होती आणि आजच्या सुनावणीसाठी एसटीने आली होती. तिने पर्स मांडीवर उभी धरली होती, बसमध्ये धरतात तशी.

अश्विनीचे सासरे रंगनाथ, घराला आणि गावाला आबा, करोनाच्या दुसऱ्या लाटेत कोल्हारहून नगरला आणले तेव्हा स्वतःच्या पायांनी ॲम्ब्युलन्समध्ये चढले होते आणि चढता चढता, धाप लागलेली असतानाही, ड्रायव्हरला म्हणाले होते, गाडी धुतलेली दिसत नाही. त्यानंतर घरच्यांनी त्यांना पाहिलं नाही. ना जिवंत, ना मेलेले. तक्रार आदिनाथने केली होती. एक, आबा गेल्याचं हॉस्पिटलने ज्या दिवशी फोनवर कळवलं तो दिवस आणि दाखल्यावर लावलेला दिवस जुळत नव्हते, म्हणजे मधल्या काळात माणसाचा देह नुसता पडून होता. दोन, त्या देहाजवळचा मोबाईल तिथल्याच कुणीतरी लांबवला, आणि लांबवून वर घरी फोन लावण्याचा निर्लज्जपणा केला. हा दुसरा मुद्दा आदिनाथ फार चांगला सांगायचा. लग्नात, दहाव्याला, त्याच्या ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात. कोल्हार सोडून सावेडीत फ्लॅट घेतल्यावर सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा. लोक च्च् च्च् करायचे, माणुसकी राहिली नाही म्हणायचे, आणि आदिनाथच्या चेहऱ्यावर एक दुखावलेलं तेज यायचं. सोसायटीत त्याला 'ते हॉस्पिटलवाले' म्हणून ओळखत होते. खालच्या वॉचमनला वाटायचं, त्याचं हॉस्पिटल आहे.

आणि अश्विनी साक्षीदार होती, कारण पहिला फोन तिने घेतला होता. सकाळी पोहे खाता खाता आदिनाथने तिला पुन्हा एकदा सांगितलं होतं, "'ऑफ झाले' म्हणाली, एवढंच बोलायचं. मागंपुढं काही चिकटवू नको. तुला चिकटवायची सवय आहे." तिने थोड्या वेळापूर्वी तेवढंच सांगितलं होतं. सिस्टर म्हणाली, तुमचे पेशंट ऑफ झाले. चिकटवलं काही नव्हतं. आता कळत होतं की त्या दिवशी काहीतरी गळालं होतं.

"म्हणजे काय?" समितीचे डॉक्टर हॉस्पिटलवाल्याला विचारत होते, खरं तर त्यांना माहीत होतं, पण टंकणाऱ्या बाईसाठी विचारत होते.

"म्हणजे सर, बायपॅपची गरज राहिली नाही. घट्ट मास्क असतो तो, प्रेशरचा. तो काढून नाकातल्या साध्या नळीवर आणलं. सुधारणा होती. पेशंट उठून बसत होते."

"चहा मागत होते," ज्योती म्हणाली.

अश्विनीने आदिनाथकडे पाहिलं नाही. त्याचा गुडघा हलत होता, टेबलाखाली, तो दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की हलतो तसा.

तो फोन.

ती ओसरीवर होती. उन्हाने पत्रा तडतडत होता. आत सासूबाई तापाने पडलेल्या, चुलीवर वाफाऱ्याचं पाणी, त्यात निलगिरीची पानं, त्यांच्या उग्र वासाने डोळे चुरचुरत होते, आणि मोबाईल खिडकीत ठेवलेला, कारण घरात रेंज फक्त तिथेच यायची. रंगनाथ पेशंटचे नातेवाईक का? हो. पलीकडचा आवाज पोत्यातून आल्यासारखा. ती बाई किट घालून, मास्कावर मास्क लावून बोलत होती, मागे कुणीतरी मशीन ओरडतंय, कुणीतरी माणूस ओरडतोय. ऐका, तुमचे पेशंट... ऑफ झालेत. बरं का. बाकीच्यांना फोन करायचेत, ठेवते.

पुन्हा. तुमचे पेशंट, मग एक खरखर, त्या खरखरीत एक शब्द मावेल एवढी जागा, मग ऑफ झालेत. बरं का. 'बरं का' म्हणाली होती ती. मेल्याचं सांगताना कुणी बरं का म्हणतं? पण त्या महिन्यात माणसं काहीही म्हणत होती.

पुन्हा. तुमचे पेशंट बाय. बाय म्हणजे काय, ती बाईला बाय म्हणाली का, बाय बाय म्हणाली का. बाय पॅप. हे आत्ता ऐकू येतंय की तेव्हा आलं होतं. अश्विनीला कळेना. आठवण म्हणजे भिजवलेली कणीक, एकदा त्यात बोट घातलं की खड्डा आपल्या बोटाचाच राहतो. आता जन्मभर तिला बायपॅप ऐकू येणार होतं, स्वच्छ, शेजारच्या खोलीतून कुणी म्हटल्यासारखं.

कारण त्या दिवसांत गावात माणसं मरतच नव्हती. ऑफ होत होती. हा शब्द कुठून आला कोण जाणे, दवाखान्यातून आला असेल, पोरांच्या व्हॉट्सॲपवरून आला असेल, पण घराघरात तोच होता. वरच्या आळीचा सहादेव ऑफ झाला. त्याची आई त्याच्या आधी ऑफ झाली, त्याला सांगितलं नव्हतं. शाळेचे हेडसर ऑफ. मेला म्हटलं की माणूस मेला असं वाटायचं, वारले म्हटलं की रडावं लागायचं. ऑफ म्हटलं की बटण दाबल्यासारखं व्हायचं, हलकं, पुढच्याकडे जाता यायचं. आज कोण ऑफ? असं म्हाताऱ्या बायासुद्धा कुंपणावरून विचारायच्या, भाजीला काय केलं विचारल्यासारखं. अश्विनी बीएस्सी होती. तिला त्या शब्दाची किळस वाटायची, आणि तोच तिने उचलला. खिडकीतून वळून ती आदिनाथला म्हणाली, "आबा ऑफ झाले." आणि हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण ते म्हणताना तिच्या मनात आलं होतं की चला, आता पुढची खोली मोकळी होईल. आबा जेवताना ताटावर बोटाने टकटक करायचे. भाजी नको असेल तर दोन वेळा, मीठ कमी असेल तर एकदा. तोंडाने कधी काही म्हणाले नाहीत. सोळा वर्षं ती त्या टकटकीचा अर्थ लावत आली होती.

"मॅडम," समितीचे डॉक्टर तिला म्हणत होते, "बायपॅप हा शब्द ऐकल्याचं आठवतं का तुम्हाला? आठवून सांगा."

हॉलमध्ये सगळे तिच्याकडे बघत होते. ज्योती सिस्टरसुद्धा. तिच्या नजरेत राग नव्हता, त्यानेच अश्विनी घाबरली. राग असता तर बरं झालं असतं. हो म्हटलं तर तक्रार इथेच संपत होती, आणि तक्रार संपली की जे उरत होतं ते सगळं तिच्या एका कानात येऊन बसत होतं. तिला ते आत्ताच दिसत होतं. दर पितृपक्षात घास ठेवताना. लेकीला, दिशाला, बघायला माणसं येतील तेव्हा. कुणाच्या तरी तेराव्याला बायकांच्या घोळक्यात कुणीतरी कुणाला तरी कोपराने ढोसेल. हीच ती, जिने जित्या सासऱ्याला मेला म्हणून सांगितलं.

"नाही," अश्विनी म्हणाली. "फक्त ऑफ झाले एवढंच म्हणाल्या त्या."

टंकणाऱ्या बाईने ते टंकलं. आदिनाथचा गुडघा थांबला.

जितं. तो शब्द आला आणि जाईना. जिता माणूस. कारण देह मिळणार नाही, येऊन उपयोग नाही, असं नगरमधल्या ओळखीच्या माणसाने सांगितलं होतं, घरात आजारपण, रस्त्यावर पोलीस, आणि देह नसेल तर क्रियाकर्म पुतळ्यावर करतात, असं राहुरीचे गुरुजी म्हणाले होते. व्हिडिओ कॉलवर. कणकेचा करा, आत पळसाच्या काड्या. कणीक अश्विनीने भिजवली. घट्ट भिजवा, नाहीतर उचलताना कमरेत वाकतो, गुरुजी म्हणाले. आणि तिने, हाताच्या सवयीने, विचारलं, मीठ घालायचं का? गुरुजी हसले होते, मग गंभीर झाले. परातीत आबा तयार झाले, हातभर लांब. तिने त्यांना नाक लावलं. छबूबाई उंबऱ्यापाशी गोधडी पांघरून बसल्या होत्या, तापाचे डोळे, त्या म्हणाल्या, "आनखी थोडं मोठं कर. त्यांचं नाक मोठं हाय." तिने आणखी एक गोळी चिकटवली. चिकटवायची सवय. समोरच्या घरातली भीमाबाई, जुनी विधवा, जवळ यायला घाबरत होती म्हणून रस्त्यापलीकडून सांगत होती, कुंकू ओल्या फडक्यानं पूस, आता दोनी मनगटं एकमेकीवर आपट, तसं न्हाई, जोरात, आणि छबूबाईंनी एकटीने, कुणाचा हात न लागता, स्वतःच्या बांगड्या स्वतः फोडल्या. एक काच मनगटात शिरली. मग आदिनाथ डोक्याचं मुंडण करून पुतळा घेऊन प्रवरेच्या घाटावर गेला, आणि तिकडे पुतळा जळत असताना, भाकरी करपल्यासारखा वास आला असं तो नंतर म्हणाला होता, त्याच वेळेला, त्याच उन्हात, नगरला एका खाटेवर तो माणूस उठून बसला होता आणि चहा मागत होता.

"च्या पिले का?"

छबूबाई. इतका वेळ त्या बोललेल्या नव्हत्या. समितीच्या डॉक्टरांनी वर पाहिलं, आजी, तुमची वेळ नंतर, असं काहीतरी ते म्हणणार होते.

"हो आजी," ज्योती म्हणाली. "बिनसाखरेचा दिला, शुगर होती ना त्यांना. तर रागावले. कपावर बोट वाजवून दाखवलं."

"किती येळा?"

ज्योतीला कळलं नाही. "अं?"

"राहू दे," छबूबाई म्हणाल्या.

मग मोबाईलचा मुद्दा निघाला. समितीच्या डॉक्टरांनी तो वाचून दाखवला, तक्रारीच्या भाषेत: मयताच्या जवळील मोबाईल संच हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्याने चोरला, व सदर संचावरून तक्रारदाराच्या घरी फोन करण्यात आला असता तक्रारदाराने संबंधिताची कानउघाडणी केली. आदिनाथ सरसावून बसला. हा त्याचा मुद्दा. त्याने घसा साफ केला.

"मोबाईल त्यांच्या उशाशीच होता," ज्योती म्हणाली. ती आता आदिनाथशी बोलत होती, शांतपणे, हरवलेली वस्तू परत करतात तशी. "तो फोन त्यांनीच लावला होता. मास्क निघाल्यावर मला म्हणाले, घरी लाव. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, तर नंबर मी शोधून दिला. 'आदिनाथ घर' असा होता. मग मला दुसऱ्या पेशंटने हाक मारली. परत आले तर फोन छातीवर ठेवलेला. म्हटलं, झालं का बोलणं बाबा? तर काही बोलले नाहीत. नंतर परत लावून देऊ का विचारलं, तर हाताने नको म्हणाले. पुढं मग परत सॅच्युरेशन घसरलं. गेले तेव्हा आमच्या ऑफिसमधून तुम्हाला कळवलं होतं. तुम्हीच म्हणालात, आम्हाला माहितीय, तुमचं तुम्ही उरका. म्हणून मग महापालिकेच्या गाडीतून…"

समितीच्या डॉक्टरांनी कागदावर खूण केली. "म्हणजे चोरीचा प्रश्न राहत नाही," ते म्हणाले. "पुढचा मुद्दा." त्यांना काही कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं आणि त्यांच्यापुढे संध्याकाळपर्यंत अशा आणखी फायली होत्या. टायवाल्या माणसाने मात्र आदिनाथकडे पाहून नजर खाली वळवली, आणि तेवढ्यात, तेवढ्याच वेळात, अश्विनीला आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याची कीव आली, आणि लगेच ती निघून गेली.

गाडीत छबूबाई पुढे बसल्या. अश्विनी मागे. तिला दोघांची डोकी दिसत होती, एक पदराखालचं आणि एक तेल लावून चापून बसवलेलं, पदर जरा सरकला की दोघांचे कान अगदी एकसारखे, पाळी चिकटलेली. बाहेर नगर नेहमीसारखं होतं. उड्डाणपुलाच्या खांबांवर चित्रं, खाली रिक्षा, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. आदिनाथ बोलत होता.

"पढवून आणलीय तिला. टायवाल्याचंच काम आहे हे. दुसरीकडं नोकरीला लागली म्हणे. ती नोकरी ह्यांनीच लावून दिली असंल तर? आपण वर जाऊ. वरच्या समितीकडं."

सिग्नलला त्याने उगाच हॉर्न दिला.

"आणि पाच वर्षांनी त्या सिस्टरला आठवतं, चहा मागितला. रोज शंभर पेशंट बघत होती, आणि आबांचा चहा आठवतो."

"कपावर बोट वाजिवलं म्हनं," छबूबाई म्हणाल्या.

"आई, खोटं बोलतीय ती."

"हे कसं जमंल खोटं बोलायला? तिला काय ठाव?"

आदिनाथने गिअर बदलला, गरज नसताना. प्रेमदान चौक आला. इथे घराकडे वळायचं. तो वळला नाही. दुकानांच्या पाट्या मागे गेल्या, मंगल कार्यालय गेलं, मनमाड रोड सरळ आणि मोकळा झाला आणि गाडीने वेग घेतला. कदाचित त्याला वळणच दिसलं नाही. कदाचित ज्या घरात आबांचा कॉल आलेला तो मोबाईल अजून भिंतीवर चार्जिंगला लावतात, तिथे त्याला जायचं नव्हतं. तिला वाटलं, हा आता असाच नेईल आपल्याला, कोल्हारला, प्रवरेवर, ज्या घाटावर ते कणकेचं माणूस जाळलं तिथे नेऊन उभं करील आणि म्हणेल, शोध.

आणि मग त्याचा रोख तिच्याकडे आला. तो येणार हे तिला हॉलमध्येच माहीत होतं, फक्त कुठे वळून येईल तेवढं माहीत नव्हतं.

"हिनं एक शब्द नीट ऐकला असता," तो आरशात बघत म्हणाला. "एक. परत विचारलं असतं, ताई, काय म्हणालात? जीभ झिजली असती का? बीएस्सी म्हणून करून आणली. आबा तेव्हाच म्हणले होते, शिकलेली आहे पण लक्ष नसतं. आणि मी माझ्या बापाला…" त्याने वाक्य टाकून दिलं. "हिच्यामुळं. हिच्यामुळं झालं हे सगळं. सगळ्यांना सांगणार मी. दिशालापण सांगीन, तुझ्या आईनं काय केलं ते."

हे ते खापर. टेबलावरच्या कागदांवरून उठून, पुलाखालून, चौकातून येऊन हे तिच्या मांडीत बसलं. वजनदार. तिने त्याला हात लावून पाहिला. आणि तिला आश्चर्य वाटलं की आत कुठेतरी ती मोकळी होती; तिथे रडू नव्हतं. तिथे दुसराच प्रसंग चालू होता. अंगण. प्रवरेवरून परत आलेला आदिनाथ, अंघोळ करून, ओल्या धोतरावर, ताज्या मुंडणावर पाण्याचे थेंब. ओसरीवरच्या सगळ्यांना दिसेल असा मोबाईल हातात, स्क्रीनवर 'आबा'. भीमाबाई पलीकडून ओरडली होती, उचलू नको, मेलेल्याचा फोन उचलू नये. त्याने उचलला. मग शिव्या. त्या शिव्या सगळ्या आळीने ऐकल्या, आणि नंतर कितीदा तरी त्याने त्या सांगितल्या. पण शिव्यांच्या आधी. अश्विनी त्याच्या अगदी जवळ उभी होती, पाण्याची घागर घेऊन, आणि तिला पलीकडचं काहीही ऐकू आलं नव्हतं. तिला फक्त तो दिसत होता. त्याने फोन कानाला लावला आणि तो ऐकत राहिला. चोराचं कुणी इतकं ऐकतं का? त्याचा चेहरा लहान झाला, दहा-बारा वर्षांच्या पोराएवढा. मग त्याने अंगणाकडे पाहिलं, उंबऱ्यातल्या आईच्या मोकळ्या मनगटांकडे, न्हाव्याने गोळा करून ठेवलेल्या स्वतःच्या केसांकडे, भीमाबाईकडे, घराबाहेर लांब लांब उभ्या असलेल्या माणसांकडे. सगळं उरकलेलं होतं. सगळ्यांनी पाहिलेलं होतं. मग त्याचा चेहरा पुन्हा मोठा झाला आणि तो ओरडायला लागला. हे सगळं तिने तेव्हाही पाहिलं होतं. पाहून तिने घागर आत नेली होती.

त्यानंतरच्याच आठवड्यात तक्रार लिहायला घेतली त्याने. चोर, चोर, चोर.

"अश्विनी," छबूबाई म्हणाल्या. मागे न वळता. त्या तिला नावाने क्वचितच हाक मारायच्या. "दुसरा फोन आला तवा तू आदिनाथच्या जवळ हुतीस ना गं?"

"हो, आत्या."

"घागर हुती तुझ्या हातात."

"हो."

"मंग पल्याडून काय आलं? तुला आईकू आलं आसंल."

"आई, काय येणारे," आदिनाथ म्हणाला. "खरखर. नुसती खरखर होती."

"तुला न्हाई इचारलं."

विळद घाटाच्या अलीकडे रस्ता थोडा चढतो. समोर उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली होती, दोन जोडलेल्या, शेंड्यांचं हिरवं वाढं रस्त्यावर घासत होतं, आणि आदिनाथला तिच्या मागे हळू व्हावं लागलं. अश्विनीला काहीही ऐकू आलेलं नव्हतं. खरं तेवढंच होतं. खरं सांगायचं म्हणजे, ऐकू आलं नाही म्हणायचं. म्हणजे पुन्हा हिलाच ऐकू आलं नाही. हिच्या कानाचं आयुष्यभर हेच. आरशात आदिनाथचे डोळे होते, ते तिला काहीतरी सांगत होते, धमकी किंवा विनंती, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन तिला त्या दोन्हींतला फरक कळत नव्हता. तिने विचार केला नाही. हात आपोआप चिकटवतो तसं तोंडाने केलं.

"तुमचं नाव घेतलं त्यांनी, आत्या," ती म्हणाली. "छबू म्हणाले."

छबूबाईंचं डोकं हललं नाही. पन्नास वर्षांच्या संसारात रंगनाथने त्यांना नावाने हाक मारली नव्हती. अगं, म्हणायचे. आत कुणी आहे का, म्हणायचे. माणसं असली तर नुसते खाकरायचे. पदराच्या कडेतून दिसणारा त्यांचा गाल, सुरकुत्यांचा, थोडासा सैल झाला, आणि अश्विनीला वाटलं की आपण त्यांना खाऊ दिला आहे, विष घालून.

"खोटं," आदिनाथ म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "आई, खोटं बोलतीय ही. तुझं नाव न्हाई घेतलं. तुझं न्हाई, माझं…"

ट्रॅक्टरच्या टेपवर गाणं लागलेलं होतं. ते मोठं झालं, कारण गाडी आणखी हळू झाली होती. आपण काय बोलून गेलो हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आधी त्याचे हात स्टीअरिंगवर वर सरकले, मग खांदे खाली गेले, मग मान. अश्विनी मागून सगळं क्रमाने बघत होती.

"काय म्हनले?" छबूबाईंनी विचारलं.

"आई."

"तुझं नाव घेतलं. मंग काय म्हनले?"

"आद्या म्हणले."

"आनि?"

"आद्या, मी… मी हाय. असं कायतरी. दम लागला हुता. मला वाटलं, कुणीतरी नक्कल करतंय. आई, मी आत्ताच पुतळा जाळून आलो हुतो. मी काय करायला पायजे हुतं? सगळी माणसं हुती समोर. काय सांगितलं असतं मी माणसांना?"

मागून एका ट्रकने हॉर्न दिला. आदिनाथने गाडी कडेला घेतली, मातीत, आणि ट्रक पुढे गेला, ट्रॅक्टरही गेला, वाढं घासत, आणि रस्ता रिकामा झाला. छबूबाईंनी पदर नीट केला. त्या गावाकडे कुणाच्या घरी बसायला गेल्यासारख्या ताठ बसल्या होत्या.

"आन् तू काय म्हनलास?"

"तुला माहितीय आई. तू उंबऱ्यातच हुतीस."

"माझ्या कानात ताप हुता. म्हन."

"आई, नको ना."

"म्हन."

इंजिन चालूच होतं. आदिनाथने समोरच्या काचेकडे बघत, मान खाली न घालता, शाळेत पाठांतर म्हणून दाखवतात तशा सपाट आवाजात ते म्हटलं. "भाडखाऊ, मेलेल्याच्या खिशात हात घालतोस. तोंडात किडे पडतील तुझ्या. असा मरशील की तिरडीला चार माणसं मिळायची न्हाईत. थुतरीच्या. परत जर ह्या घरात फोन लावला तर…" तो थांबला. पुढचं त्याला आठवत होतं, ते तिघांनाही आठवत होतं.

"मोठ्यानं म्हन," छबूबाई म्हणाल्या. "त्यांला कमी आईकू यायचं."

आदिनाथने दोन्ही बाजूंच्या काचा वर घेतल्या, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.